आई असलेले अनाथ

२९ जानेवारी २०१० रोजी हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक यांच्या सीमेवर एक बस अडवण्यात आली. बसमध्ये ३३ मुले होती. सर्वांत लहान मूल काही महिन्यांचे, सर्वांत मोठे बारा वर्षांचे. मुलांबरोबर दहा अमेरिकन नागरिक होते आणि त्यांतले बहुतेक आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चचे सभासद होते. सतराच दिवसांपूर्वी, १२ जानेवारीला, हैतीत भूकंप झाला होता. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता, लाखाहून अधिक माणसे दगावली होती, राष्ट्राध्यक्षांचा प्रासादही कोसळला होता. या दहा जणांचे म्हणणे असे होते की, आम्ही अनाथ मुलांना सीमेपलीकडे सुरक्षित जागी नेत आहोत. तिथे त्यांच्यासाठी अनाथाश्रम काढणार आहोत. मुलांना देशाबाहेर नेण्याचे कागद मात्र त्यांच्याजवळ नव्हते. त्यांना अटक झाली.

पुढच्या काही दिवसांत पत्रकार राजधानीबाहेरच्या डोंगरात कॅलेबास नावाच्या गावी पोहोचले. तिथे त्यांना यांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप भेटले. मुले पळवलेली नव्हती, आईबापांनीच स्वतःच्या हातांनी बसमध्ये बसवून दिली होती. पलीकडे शाळा आहे, खेळायला मैदान आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि तुम्हाला मुलांना भेटायला येता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते. घर पडलेले, रोजगार बुडालेला, शाळा ढिगाऱ्याखाली गेलेली. अशा वेळी कोणी देवाचे नाव घेऊन दारात आले आणि पोराला शिकवतो म्हणाले, तर आई काय करील? आपल्याकडेही दुष्काळात पोरे नातेवाइकांकडे, सावकाराकडे, मठात नाहीतर मिशनमध्ये ठेवली जात. त्याला कोणी पोर टाकणे म्हणत नसे.

तीन-साडेतीन महिन्यांत सगळे सुटले. गटाची प्रमुख लॉरा सिल्सबी हिच्यावरचा अपहरणाचा आरोप मागे पडला. बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल तिला दोषी ठरवून, तुरुंगात काढलेले दिवस हीच शिक्षा धरून मे महिन्यात सोडून देण्यात आले. मुले बहुतेक आपापल्या घरी परतली.

ही घटना तेव्हा जगभर गाजली आणि एका अविचारी बाईचे धाडस म्हणून विसरलीही गेली. मला ती विसरण्यासारखी वाटत नाही, कारण त्या बसमध्ये मोडला गेला तो कायदा बाजूला ठेवला, तर मागे उरते ती समजूत अपवादात्मक मुळीच नाही. समोर दिसणारे गरीब मूल म्हणजे कोणी नसलेले मूल, ही ती समजूत. दरवर्षी सगळे परवाने घेऊन, विमानाची परतीची तिकिटे काढून, अत्यंत सद्भावनेने निघणाऱ्या हजारो गटांच्या सामानात ती असतेच.

या प्रवासांना अमेरिकेत ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी सर्वेक्षणावरून केलेल्या अंदाजानुसार या शतकाच्या पहिल्या दशकात वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन चर्चसभासद अशा अल्पकालीन मिशनसाठी परदेशी जात होते. प्रकार तसा जुना नाही. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजातला मुलगा दोन मित्रांना घेऊन सुट्टीत धर्मपुस्तके वाटायला मेक्सिकोत गेला. त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था उभी राहिली, ती १९६०च्या दशकात भारतातही आली. १९६० साली लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ स्थापन केली. तोवर मिशनरी होणे म्हणजे आयुष्य देणे होते. आता सुट्टी दिली तरी चालू लागले. जेट विमानांनी हे शक्य केले, आणि चर्चमधल्या तरुणांना धरून ठेवण्यासाठी त्यांना काहीतरी मोठे करायला द्यावे, या निकडीने ते वाढवले.

ट्रिप ठरते ती अशी. चर्चमधला युवकगट, पंधरा-वीस जणांचा. सात ते दहा दिवस. माणशी खर्च दीड-दोन हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. तो उभा करायला मुले-मुली नातेवाइकांना पत्रे लिहितात, केक विकतात, गाड्या धुतात. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. तिथे पोहोचल्यावर सकाळी एखादी भिंत रंगवायची किंवा विटा वाहायच्या, दुपारी मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा. ही शाळा महाराष्ट्रातल्या चर्चमध्येही मे महिन्यात भरते: कृतिगीते, चित्रे रंगवणे, बाहुल्यांचे नाटुकले, शेवटी खाऊ. फरक इतकाच की आपल्याकडे ती घेणारी ताई पुढच्या रविवारीही त्याच गल्लीत भेटते. इथे ती शनिवारच्या विमानाने जाते.

भिंती रंगवण्याविषयी बरेच बोलून झाले आहे. मेक्सिकोतले एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंगवल्याचे उदाहरण अमेरिकी वृत्तपत्रांतून वारंवार दिले जाते. त्यापेक्षा गंभीर काम कॅल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांचे आहे. स्वतः ख्रिस्ती, होंडुरासमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले. १९९८च्या ‘मिच’ वादळानंतर तिथे परदेशी गटांनी बांधलेल्या आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरांची त्यांनी तुलना केली. घर साधारण दोन हजार डॉलरचे. ते बांधायला आलेल्या गटाचा प्रवासखर्च तीस हजारांच्या घरात. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेला फरक सारखाच. बरे, निदान येणाऱ्यांच्या आयुष्यात तरी काही कायमचे बदलते का, हेही त्यांनी तपासले. ट्रिपवरून परतलेले लोक आम्ही बदललो असे सांगतात, पण त्यांच्या दानाच्या आणि प्रार्थनेच्या सवयींत तो बदल फारसा दिसत नाही, असे त्यांना आढळले.

भिंत सहा वेळा रंगवली तर पैसा फुकट जातो, भिंतीचे काही बिघडत नाही. मुलाचे तसे नसते.

*

आधी ही मुले कोण, ते पाहू. ‘युनिसेफ’च्या आकडेवारीनुसार २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती. चर्चच्या पत्रकांतून हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. पण ‘युनिसेफ’ची व्याख्या अशी आहे की, आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेले तरी मूल अनाथ धरायचे. एड्सच्या साथीत आफ्रिकेतल्या कुटुंबांवर कोसळलेले संकट मोजण्यासाठी ती व्याख्या रूढ झाली आणि त्या कामापुरती ती योग्यही होती. दोन्ही पालक गमावलेली मुले या १४ कोटींत दीड कोटीच्या आसपास भरतात. बाकीच्यांना आई तरी आहे नाहीतर बाप तरी. शिवाय आजी, मामा, थोरली बहीण असे कोणी ना कोणी. मराठीत ज्याला आपण पोरके म्हणतो ते हे मूल नव्हे. वडील वारल्यावर आईने मोलमजुरी करून वाढवलेल्या मुलाला कोणी अनाथ म्हटले, तर आपल्या गावात त्या आईला तो अपमान वाटेल. पण इंग्रजी पत्रकात तो शब्द एकदा पडला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती रिकाम्या रस्त्यावर एकटी बसलेली पोर. आई चित्रातून पुसली जाते.

हैतीत भूकंपानंतरच्या काळात साडेसातशेच्या आसपास अनाथालये होती आणि त्यांत सुमारे ३० हजार मुले राहत होती. त्यांतल्या पाचांपैकी चार मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचा अंदाज आहे. सरकारदरबारी रीतसर नोंद असलेली अनाथालये थोडकीच. ‘लुमोस’ या संस्थेने २०१७ साली या अनाथालयांच्या पैशाचा माग काढला. त्यांतल्या सुमारे एकतृतीयांश संस्थांना मिळूनच वर्षाला किमान ७ कोटी डॉलर परदेशातून येत होते, बहुतांशी अमेरिकेतून, आणि त्यातला मोठा वाटा चर्चचा व ख्रिस्ती संस्थांचा. या रकमेत मुलांच्या शाळेची फी सहज भागली असती. हैतीत बहुतेक शाळा खासगी, फी भरावी लागते, आणि मुलाला अनाथालयात ठेवण्यामागे हेच सर्वांत मोठे कारण असते. म्हणजे आईजवळ फीचे पैसे नाहीत म्हणून मूल संस्थेत जाते, आणि संस्थेला पैसे मिळतात ते मूल तिच्याकडे आहे म्हणून.

कंबोडियात हे चक्र उलगडून दाखवता आले. तिथे २००५ साली १५३ निवासी बालसंस्था होत्या, २०१० साली २६९. लढाई कधीच संपली होती, देश सावरत होता, पालक गमावलेली मुले कमी होत होती आणि तरी अनाथालये पाच वर्षांत पाऊणपट वाढली. वाढले होते ते पर्यटन आणि स्वयंसेवक. तिथल्या सरकारने आणि ‘युनिसेफ’ने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या मुलांपैकी पाऊण भाग मुलांचे किमान एक पालक हयात होते. त्या अभ्यासाने दाखवलेली आणखी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते: पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्था मुलांना पाहुण्यांसमोर नाचगाण्यासाठी उभे करत, संस्थेसाठी पैसे मागायला लावत. कार्यक्रम चांगला झाला की देणगी चांगली.

नेपाळमधल्या एका अनाथालयाला ऑस्ट्रेलियातून मदत करणाऱ्या केट व्हॅन डोर या वकील बाईंना काही वर्षांनी कळले की, आपण ज्यांना पोसतो त्या मुली अनाथ नाहीतच. दलालांनी त्यांना शिक्षणाच्या आमिषाने खेड्यांतून आणले होते, आणि कागद मात्र त्या पोरक्या असल्याचे केले होते. अशा मुलांसाठी त्यांनी ‘पेपर ऑर्फन’ हा शब्द वापरला, म्हणजे कागदावरचे अनाथ. त्यांनी आपल्या संस्थेचे काम मुलींना घरी पोहोचवण्याकडे वळवले आणि पुढे हा विषय कायद्याच्या भाषेत मांडला. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांत भरती करण्यासाठी होणारी मुलांची वाहतूक हा गुलामगिरीचाच प्रकार आहे, हे मान्य झाले. असे मान्य करणारा तो पहिला देश.

*

आता संस्था अगदी प्रामाणिक आहे असे धरू. पैसा मुलांवरच खर्च होतो, जेवण चांगले, गाद्या स्वच्छ. आलेली तरुण मुलगी खरोखरीच प्रेमळ आहे. तिने दारात पाऊल टाकताच चार-पाच वर्षांची मुले धावत येतात, कमरेला मिठी मारतात, हात सोडत नाहीत. घरी लिहिलेल्या पत्रात हाच प्रसंग हमखास असतो: मला ओळखतही नव्हती, तरी किती प्रेम दिले!

बालमानसशास्त्राच्या अभ्यासकाला हे वाचून धस्स होते. घरात वाढलेले तीन-चार वर्षांचे मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाते, तिथून हळूच पाहते. आपण त्याला लाजरे म्हणतो. प्रत्यक्षात ते मूल निरोगी असल्याची खूण आहे; आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळते. ज्याला पदरच नाही ते मूल येईल त्याच्या मांडीवर बसते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालापासून या गोष्टीचा अभ्यास चालू आहे. सर्वांत पक्का पुरावा रुमानियातला. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथली अनाथालये जगाला दिसली. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधल्या संस्थांतली १३६ लहान मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. निम्मी मुले प्रशिक्षित कुटुंबांकडे सांभाळायला दिली, निम्मी संस्थेच्याच व्यवस्थेत राहिली. हा प्रयोग नैतिक होता का, यावर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. निष्कर्ष मात्र वादातीत निघाला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाशी अनुबंध जोडण्याची ताकद, सगळेच सुधारले, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे अधिक सुधारले. भेटेल त्याला बिलगण्याची सवय ही संस्थेत वाढल्याची एक ठळक खूण म्हणून त्यात नोंदली गेली आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली हाच धागा स्वयंसेवकांपर्यंत आणला. एड्सने पालक गमावलेल्या मुलांच्या संस्थांत तेव्हा परदेशी तरुणांची रीघ लागलेली होती. त्यांनी म्हटले ते थोडक्यात असे: ज्या मुलाने आधीच एक मोठी ताटातूट सोसली आहे त्याला दर पंधरवड्याला नवे माणूस जिव्हाळा लावते आणि निघून जाते, हे त्या ताटातुटीचे पुनःपुन्हा होणे आहे. आठ-दहा दिवस पाहुणी मुलाला उचलून घेते, केस विंचरते, नाव घेऊन हाक मारते. अकराव्या दिवशी ती नसते. बाराव्या दिवशी तशाच टी-शर्टात दुसरी येते. वर्षाला असे वीस गट. मोठ्या मुलांना हे लवकर उमगते आणि ती सराईत होतात: कोणाजवळ काय मागावे, कोणासमोर रडावे हे त्यांना कळते. लहान मुले दर वेळी नव्याने बिलगतात.

कोणीही यावे आणि मुलांच्या खोलीत बसावे, अशी मुभा असलेल्या घरात कोण कोण येऊ शकते, हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन सांगायला नको. मडगावात ‘गुरुकुल’ नावाने मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट १९९१ साली पकडला गेला, १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. परदेशी पाहुण्यांना मुले पुरवण्याचे ते ठिकाण होते. मुंबईत कुलाब्याला आणि मुरूडला ‘अँकरेज’ निवारे चालवणारे डंकन ग्रँट आणि तिथे येणारा अ‍ॅलन वॉटर्स, दोघेही ब्रिटिश नौदलात काम केलेले. २००६ साली सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, २००८ साली उच्च न्यायालयाने सोडले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा शिक्षा कायम केली. ही मिशन ट्रिपची प्रकरणे नव्हेत, हे स्पष्ट सांगायला हवे. पण दाराची गोष्ट एकच आहे. ज्या शाळेत आपले मूल शिकते तिथे एखादा अनोळखी परदेशी येऊन ‘मी आठवडाभर मुलांशी खेळतो, फोटो काढतो’ म्हणाला, तर आपण मुख्याध्यापकांना जाब विचारू. अनाथालयातल्या मुलासाठी जाब विचारणारे माणूस जवळ नसते. म्हणून तर ते दार इतके सताड उघडे राहते.

*

जाब विचारणारे माणूस, हा मुद्दा मला मराठी मुलखाच्या इतिहासाकडे नेतो. परदेशी मिशन आणि पोरकी मुले यांचा आपला अनुभव दोनशे वर्षांचा आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. हॉल मराठी शिकले, मराठीतून लिहू लागले आणि १८२६ साली दौऱ्यावर असताना पटकीने वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ काढला. त्यांच्या धर्मांतराच्या उद्देशाबद्दल आपल्या वाडवडिलांनी जे टीकेचे रान उठवले ते सर्वांना ठाऊक आहे. पण टीका करायला तरी समोर माणूस होते. ते बाजारात भेटत होते, त्याला मराठी कळत होते, त्याने केलेल्या चुका वीस वर्षांनी त्याच्याच दारात येऊन उभ्या राहत होत्या.

फोटो दाखवून पैसा उभा करण्याची रीतही तेव्हाचीच. १८९९-१९००च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाने हिंदुस्थानातल्या हाडांचा सापळा झालेल्या मुलांची छायाचित्रे छापली, वाचकांकडून वर्गणी घेतली. मक्याने भरलेले ‘क्विटो’ जहाज १९०० साली अमेरिकेहून निघून मुंबईला आले. दुष्काळात सापडलेल्या हजारो मुलांना मिशनच्या आवारांत आसरा मिळाला, त्यांतली किती खरोखर पोरकी होती आणि किती भुकेमुळे सोडलेली, याचा हिशेब तेव्हाही कोणी काटेकोर ठेवला नाही. तेव्हा मूल आणि मृत्यू यांच्यामध्ये तेवढेच एक आवार होते, हेही खरे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मात्र वेगळे काढून पाहावे असे आहे. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा त्या स्वतः पोरक्या झाल्या. १८८२ साली नवरा वारला, कडेवर मनोरमा. म्हणजे अनाथ आणि विधवा ही दोन्ही नावे त्यांनी स्वतः भोगली होती. मार्च १८८९मध्ये मुंबईला शारदा सदन निघाले ते विधवांसाठी. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. संस्था पुण्याला आली आणि १८९३ साली मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेला बसू दिले जाते म्हणून गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू बरोबर, यावर शंभर वर्षे लिहिले गेले आहे. मला त्यातले वेगळेच दिसते: पालकांना मुली काढून नेता आल्या. ते होते, त्यांना वाचता येत होते, त्यांच्या बाजूने बोलणारे वर्तमानपत्र होते आणि संस्थेची चालिका त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायला बांधलेली होती. कॅलेबासच्या आईजवळ यांतले काहीही नव्हते.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. विधवा, टाकलेल्या बायका, त्यांची लेकरे आणि कोणी नसलेल्या पोरी एकाच आवारात. परदेशी बायका तिथेही कामाला आल्या. मिनी अ‍ॅब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट १८८७ साली मुंबईला आली, १८९८ साली मुक्तीत दाखल झाली आणि दहा वर्षांच्या आसपास तिथे राहिली. तिला कामाला लावणारी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी बाई मराठी होती.

अनाथ आणि विधवा ही जोडी रमाबाईंनी मनाने जुळवलेली नव्हती. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात, निर्मळ धर्म कोणता ते सांगताना हे दोन शब्द एकापाठोपाठ येतात. मिशन ट्रिपच्या माहितीपत्रकांवर हेच वचन सर्वांत अधिक छापलेले असते. इंग्रजी भाषांतरात तिथले क्रियापद ‘भेट देणे’ असे घेतले गेले, आणि मग भेट दिली की वचन पाळले, असा सोपा अर्थ निघू लागला. मूळ ग्रीक क्रियापदात सांभाळण्याचा, देखरेखीचा अर्थ आहे. मराठीत आपण ‘समाचार घेणे’ म्हणतो ते त्याच्या अधिक जवळ जाते. पण भाषांतराहून मोठी चूक दुसरीच. वचनात विधवा आहे. बाप गेलेल्या मुलाची आई म्हणजेच ती. पत्रक छापणाऱ्यांनी दोघांची फारकत केली, अनाथासाठी इमारत बांधली आणि विधवेला फाटकाबाहेर ठेवले. महिन्यातून एखाद्या रविवारी ती मुलाला भेटायला येते, आणि पाहुण्यांचा गट आलेला असला की तिला परत पाठवतात, कारण अनाथालयात आई दिसणे बरे नव्हे.

*

या सगळ्याला ख्रिस्ती जगातूनच सर्वांत कडक विरोध झाला, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू. १९६८ साली उन्हाळी सेवेसाठी मेक्सिकोत जाऊ पाहणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर त्यांना भाषणाला बोलावले होते. तुमच्या सदिच्छा घेऊन इथे येऊ नका, पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. २००९ साली स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोन इव्हँजेलिकल प्राध्यापकांनी लिहिलेले ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे पुस्तक अमेरिकी चर्चमध्ये मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. ऑस्ट्रेलियन पेंटेकोस्टल चर्चच्या मदतसंस्थेने आपल्या पैशावर चालणाऱ्या अनाथालयांतून मुलांना कुटुंबात परत नेण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेपासून मुलांना होणाऱ्या अपायाचा प्रथमच स्पष्ट उल्लेख केला.

वळण अवघड आहे, कारण सगळ्यांचे पोट त्यात गुंतलेले. चर्चमधल्या पाद्रीला ट्रिप हवी असते, ती बंद झाली तर तरुण गळतात. अनाथालयाच्या संचालकाला गट हवा असतो, तो आला नाही तर स्वयंपाकिणीचा पगार होत नाही. ‘मूल तुमच्यासमोर नाचणार नाही, तुम्हाला त्याचा फोटो मिळणार नाही, पण त्याच्या आईची फी भरा’ असे सांगून पैसे गोळा करून पाहावेत. निम्मेही जमत नाहीत. हा दोष अमेरिकनांचाच आहे असे नाही. दिवाळीच्या आठवड्यात फराळाची पाकिटे घेऊन बालगृहात जाणारे, मुलांना ओळीने बसवून फोटो काढणारे आपले गट मी पाहिले आहेत, आणि एकदा त्या फोटोत मीही उभा होतो. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. पालक गेलेल्या किंवा संकटात सापडलेल्या मुलाला संस्थेत न टाकता घरातच वाढवणाऱ्या आईला, आजीला, मामाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. त्या घरी फराळ घेऊन गेल्याचे मी कोणाकडून ऐकलेले नाही.

मुले घरी परत नेणे म्हणजे फाटकाला कुलूप लावणे नव्हे, हे या कामात पडलेले लोक बजावून सांगतात. एकेका मुलाच्या गावी जायचे, घर शोधायचे, मूल का सोडले ते विचारायचे. कधी फीचा प्रश्न असतो, कधी सावत्र बापाचा, कधी मूल अपंग असते आणि जवळ दवाखाना नसतो. घरी मारहाण होत असेल तर मावशी किंवा दुसरे कुटुंब पाहायचे. आईने आणि मुलाने आधी दोन-चार वेळा भेटायचे, मग एक सुट्टी एकत्र काढायची, मग कायमचे. पाठवल्यानंतरही दोन वर्षे कोणीतरी अधूनमधून दारात जायला हवे. हे काम हैतीत क्रेओल बोलणाऱ्या माणसालाच जमते, आणि ते माणूस मोटारसायकलवरून डोंगरात जाऊन संध्याकाळी आपल्या घरी परतणारे असावे लागते. त्याचा वर्षाचा पगार आणि पेट्रोल मिळून होणारा खर्च एका मिशन ट्रिपच्या विमानभाड्यात सहज बसतो.